दहावी झोपली आहे

संख्याशास्त्र शिकवण्यात माझा निम्मा जन्म गेला, पण त्या शास्त्राचे इतके हाल करून वर त्याच्यावर इतका जीव टाकणारा माणूस मी आमच्या आतोबांशिवाय दुसरा पाहिलेला नाही. आतोबा म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्याचे यजमान. जुनी इंदूरमधल्या एका लहानशा माध्यमिक शाळेचे हेडमास्तर. लहानशा म्हणजे केवढ्या, ते पुढे येईलच. आत्ताच सांगितलं तर तुम्ही म्हणाल, बाई थापा मारतेय. मी मूळची सांगलीची. लग्न होऊन इंदूरला आले, इथल्या एका कॉलेजात नोकरी धरली, आणि सासरच्यांना कळलं की सूनबाई आकड्यांची प्रोफेसर आहे. बाकीच्यांनी ते ऐकून सोडून दिलं. आतोबांनी मात्र पहिल्याच भेटीत, मी नमस्काराला वाकले होते तेवढ्यात, माझ्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, "वर्गात आठ पोरं आहेत, त्यातला एक शाळा सोडून गेला, तर उरलेल्या सातांचा भाव का वाढतो, सांगशील?" मी वाकलेलीच राहिले. आशीर्वाद समजावा की तोंडी परीक्षा, काही उमगेना. त्या दिवशी डोक्यात जो गोंधळ शिरला तो अजून बाहेर पडलेला नाही.

आतोबांना नुसता आकडा सांगून भागत नाही. आकडा कानावर पडला की ते चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, "कितीपैकी?" आत्याबाई म्हणाल्या, मी दोन लाडू खाल्ले, की हे, "कितीपैकी?" शेजारचे वर्माजी मोठ्या आनंदाने सांगत आले की पोराला गणितात अठ्ठ्याहत्तर मिळाले, तरी हे, "कितीपैकी?" वर्माजींनी "सौ में से, और क्या" म्हटल्यावर आतोबांचं समाधान झालं, पण वर्माजींचा आनंद तोवर निम्म्यावर आला होता. एकदा तर आम्ही नात्यातल्या एका म्हाताऱ्या बाई गेल्या म्हणून भेटायला गेलो होतो. त्यांची सून डोळे पुसत सांगत होती की शेवटच्या वेळी दोन मुलं जवळ होती हो. आतोबा हळहळले, त्यांनी मान हलवली, आणि मान हलवता हलवता तोंडातून निघून गेलंच, "कितीपैकी?" आत्याबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर फाडकन चापट मारली. पण ती सून क्षणभर थबकली आणि म्हणाली, "तीनपैकी. धाकट्यांना कुणी कळवलंच नव्हतं वेळेवर." झालं! कुणी कळवायचं होतं, कुणी नाही कळवलं, ह्यावरून त्या घरात जे काही पेटलं, त्यातून आम्ही चपला पायात न घालता हातात घेऊन निघालो. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर आतोबा मला म्हणतात, "मी वाईट काय विचारलं सूनबाई? नुसतं दोन म्हटल्यावर माणसाने काय समजायचं?" मी खाली वाकून चपला पायात घालायला लागले. कारण वर्गात पोरांना मी स्वतः हेच शिकवते.

खाण्यापिण्यातही तेच. रविवारी सकाळी पोह्यांच्या गाडीपाशी उभे राहिले की पहिल्या चमच्याला डोळे मिटून जाहीर करणार, "ऐंशी." गाडीवाला पोरगा विचारतो, "बाकी बीस कहाँ गए सरजी?" हे म्हणतात, "जिरावण." तो वरून चिमूटभर जिरावणाचा मसाला भुरभुरतो. "अब?" "सत्त्याऐंशी." मग शेव. "अब?" "ब्याण्णव." मग लिंबू. मागे रांग लागलेली, कुणीतरी ओरडतो, "अरे भिया, रिझल्ट बाद में निकालना, पहले आगे बढ़ो." पण शंभर ते कुणाला देत नाहीत. गाडीवाल्याला नाही, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊन आत्याबाईंच्या पुरणपोळीलाही नाही. मी एकदा आत्याबाईंना विचारलं, तुम्हाला स्वतःला किती दिलेत हो? तर त्या कणीक मळता मळता म्हणाल्या, "मला कसले देतायत? मीच ह्यांना ग्रेस देऊन काढलंय."

आता शाळेचं. एके काळी म्हणे तिथे पहिलीपासून वर्ग होते, प्रार्थनेला पटांगण पुरत नसे. मग पिवळ्या बसवाल्या इंग्रजी शाळा आल्या आणि त्यांनी गल्लीतली पोरं दारातून उचलून न्यायला सुरुवात केली. खालचे वर्ग एकेक करून बंद झाले, आणि मी लग्न होऊन आले तेव्हा उरले होते फक्त नववी आणि दहावी. शिकवायला आतोबा आणि एक मॅडम. गणित, विज्ञान, हेडमास्तरकी आणि घंटा वाजवणं आतोबांकडे. उरलेलं सगळं मॅडमकडे. दहावीत तेव्हा आठ मुलं होती. आठातलं एक मूल म्हणजे साडेबारा टक्के, एवढं गणित कुणालाही येतं. पण आतोबांनी ते मुलांना कायमचं चिकटवून टाकलं. कुणी आलं नाही की म्हणायचे, "आज साडेबारा टक्के तापाने घरी आहेत." संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी एक पोरगा शाळा बुडवून गच्चीवर पतंग उडवत होता, तर हे खाली रस्त्यात स्कूटर लावून वर तोंड करून ओरडतायत, "ए साडेबारा टक्के! नीचे उतर!" आजूबाजूच्या गच्च्यांवरची सगळी पोरं वाकून बघायला लागली. त्या पोराचा बाप दुकानातून धावत आला. त्याला वाटलं, कुणी वसुलीवाला आला असावा.

स्कूटरवरून पोरं गोळा करत फिरणं हा त्यांचा रोजचा कार्यक्रम. मी म्हटलं, आतोबा, एखादा दिवस एखादा नाही आला तर काय बिघडतं? तर म्हणाले, "मोठ्या शाळेत काही नाही बिघडत. तिथे एक पोर गेलं तर पॉइंटच्या पुढे कुठेतरी खरचटतं, पत्ताही नाही लागत. माझ्याकडे एक नाही आला तर भिंतीला भोक पडतं ना!" आणि हेच आतोबा, एखादं मूल शाळा सोडून गेलं की उरलेल्यांकडे कौतुकाने बघत म्हणायचे, "तुम्ही सगळे आता चौदा-चौदा टक्के झालात हं. जपून चला रस्त्याने." म्हणजे शाळा लहान होत चालल्याचं दुःख करायचं, का पोरं मोठी होत चालल्याचा आनंद? मला विचाराल तर मला काही कळायचं नाही. त्यांनाही कळत होतं की नाही, देव जाणे.

पुढे कधीतरी दहावीत तीनच मुलं उरली, आणि आतोबा भर दुपारी माझ्या कॉलेजात येऊन उभे. चेहरा असा उतरलेला की मला वाटलं घरी काही झालं. म्हणाले, "तीन पोरं. एकेकाचे तेहतीस पॉइंट तेहतीस. तिन्ही हजर. बेरीज केली तर नव्व्याण्णव पॉइंट नव्व्याण्णव. उरलेलं कुठे गेलं?" मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि दशांशानंतर तीन पुढे अखंड चालत राहतात वगैरे सगळं कागदावर काढून समजावलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे सगळी पोरं हजर असूनसुद्धा वर्ग पुरा भरत नाही? रोज कुणीतरी थोडंसं गैरहजर असतं?" मी म्हटलं, तसं नाही हो. "मग कसं?" आता कसं? मी पुन्हा कागद ओढला, पण मलाच ते तेव्हा धड सांगता येईना. आठवडाभराने पुन्हा कॉलेजात आले तर स्वारी खुशीत. "सुटला तो प्रश्न. उरलेलं ते एवढंसं माझ्या नावावर घेतलं. मीही असतोच की वर्गात, थोडासा." शेजारच्या टेबलावरचे आमचे विभागप्रमुख हे सगळं ऐकत होते. ते मला नंतर म्हणाले, "मॅडम, तुमचे हे नातेवाईक ठीक आहेत ना?" मी म्हटलं, साधारण.

मी काही सुधारायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा चांगली तासभर बसून सांगितलं, की आतोबा, इतक्या थोड्या मुलांवर टक्केवारी काढतच नाहीत. एक पोरगं इकडचं तिकडे झालं की निकाल पन्नासाने घसरतो, त्याला काही अर्थ नसतो. आमच्या शास्त्रात अशा आकड्यांवरून कसलाच निष्कर्ष काढायचा नाही असा नियमच आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग जरा दुखावल्यासारखे म्हणाले, "किती पोरं झाली की तुमचं शास्त्र आमच्याकडे बघायला लागतं?" मी म्हटलं, निदान तीसेक तरी हवीत. ते हसले. "तीस पोरं असती तर तुझ्याकडे कशाला आलो असतो गं?" तिथे माझं शास्त्र संपलं आणि आत्याबाईंनी चहा आणला.

ह्या सगळ्या गमतीत खरा घोर होता तो वेगळाच. शाळा ज्या संस्थेची, तिच्या कमिटीच्या मनात शाळा बंद करून त्या जागेवर मॅरिज गार्डन काढायचं आलं होतं. इंदूरला मोकळी जागा दिसली की लोकांना वरात दिसते. कमिटीने गेल्या काही वर्षांचा पट आणि निकाल मागवला, आणि आतोबांनी तो तक्ता काढायचं काम माझ्या गळ्यात घातलं. मी आपली प्रामाणिकपणे दोन चित्रं काढली. पटाची रेष घसरगुंडीसारखी सरळ खाली आलेली. निकालाचं काय सांगू! एका वर्षी सगळी पास, म्हणजे शंभर. पुढच्या वर्षी दोघांतला एक नापास, म्हणजे पन्नास. मग पुन्हा शंभर. मग एका वर्षी दहावीला एकच पोरगा, त्याला नेमकी परीक्षेच्या तोंडावर कावीळ, म्हणून शून्य. रेष अशी वरखाली उड्या मारत होती की काढताना माझा मलाच संशय येत होता. मीटिंगला आतोबा मला बरोबर घेऊन गेले. अध्यक्षांनी कागद बघितला, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "ये क्या है सरजी? ह्यावरून काय समजायचं आम्ही?" आतोबा माझ्याकडे बघायला लागले, मी पंख्याकडे. कारण ह्यावरून काही समजत नाही हेच मी त्यांना इतके दिवस सांगत होते. तेवढ्यात कमिटीतले एक म्हातारे डॉक्टर, सगळी हयात लोकांच्या हृदयाची तपासणी करण्यात घालवलेले, त्यांनी तो कागद ओढून घेतला, चष्मा वर केला आणि मोठ्यांदा हसले. "अरे, हा तर कार्डिओग्राम आहे! उड्या मारतोय ना? मग पेशंट जिता आहे. रेष सपाट झाली की मला बोलवा." सगळे हसले. आणि हसण्याच्या भरात ठरून गेलं की आणखी एक वर्ष बघू. अट एकच, बोर्डाचे फॉर्म जातील त्या दिवशी दहावीच्या पटावर निदान एक मूल असलं पाहिजे. नसेल तर दोन्ही वर्ग बंद.

त्या वर्षी दहावीत एकच मुलगी होती. रेणू. तिच्यामागे नववीत तीन मुलं होती. म्हणजे रेणू टिकली की पुढच्या वर्षी दहावीला तिघं, आणि शाळा चालू. ती गेली की सगळंच गेलं. आतोबांचा तर आनंद पोटात मावेना. "सूनबाई, माझ्या वर्गात ह्या वर्षी शंभर टक्के हजेरी!" असं जून महिन्यात मला दहा वेळा तरी सांगून झालं. रेणू सडपातळ, गंभीर चेहऱ्याची, दोन वेण्या घालणारी पोरगी. गणितात चांगलं डोकं. बाप ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला. आतोबा तिला हाक मारतानाही जपून मारायचे. ती शिंकली तरी ह्यांच्या काळजात धस्स व्हायचं. एकदा तिने वर्गात विचारलं, "सर, मैं पानी पीने जाऊँ?" तर म्हणाले, "जा बेटा, पण वर्ग रिकामा होतो, लवकर ये."

राखीपौर्णिमेच्या सुमारास तिच्या बापाच्या मालकाने इंदूरबाहेर, धार रोडवरच्या बेटम्याला नवं दुकान काढलं आणि बापाला तिकडे पाठवलं. सगळं घर बेटम्याला गेलं. बाप शाळेत येऊन हात जोडून म्हणाला, "सरजी, उधर भी स्कूल है, घर के बाजू में." आतोबांचं तोंड पांढरं पडलं. पण रेणूच म्हणाली, "मैं बस से आ जाऊँगी ना सर. रोज आऊँगी." आणि ती खरंच यायला लागली. पहाटे उठायचं, धार रोडची खच्चून भरलेली बस, उभ्याने इंदूर. आतोबा सकाळी गंगवाल बसस्टँडवर स्कूटर घेऊन उभे, तिला उतरवून घेणार, आपल्या डब्यातली पोळी खायला लावणार आणि मागे बसवून शाळेत आणणार. संध्याकाळी पुन्हा बसमध्ये बसवून कंडक्टरला बजावणार, "भिया, सँभाल के ले जाना, पूरी क्लास है ये." कंडक्टर बिचारा रोज बसमध्ये बाकीची क्लास शोधायचा.

एक दिवस मला कॉलेजला सुट्टी होती म्हणून आत्याबाईंनी दिलेला डबा घेऊन मी शाळेत गेले. पायरी चढते तोच आतोबा वर्गाच्या दारात येऊन ओठांवर बोट ठेवून उभे. "शू! हळू. दहावी झोपली आहे." मी आत डोकावले. रेणू बाकावर हातांची उशी करून गाढ झोपलेली, एका वेणीची रिबन सुटलेली. आणि फळ्यावर त्रिकोण, त्याला नावं दिलेली, खाली अर्धवट गणित. आतोबा पुन्हा फळ्यापाशी गेले आणि कुजबुजत्या आवाजात पुढची पायरी सांगत, आवाज होऊ नये म्हणून खडू हलकेच टेकवत, ते गणित लिहायला लागले. मी बाहेर बोलावून विचारलं, अहो, ती झोपलीय तर शिकवताय कुणाला? म्हणाले, "तास तर भरायला हवा ना. कानावर पडलं तर पडलं थोडं." मला हसू येत होतं आणि हसवतही नव्हतं. नववीची तीन पोरं खिडकीतून एकमेकांना गप्प राहायच्या खुणा करत होती. चाचणी परीक्षेत रेणूला गणितात निम्मेही पडले नव्हते, हे मला आत्याबाईंकडून कळलं. आतोबांनी ते मला सांगितलं नव्हतं.

फॉर्म जायच्या आदल्या आठवड्यात, संध्याकाळच्या चहाला मी त्यांच्याकडे बसले होते. आतोबांनी बशीत चहा ओतला, पण तोंडाला लावला नाही. म्हणाले, "एक सांग. दहावीत शून्य पोरं. त्यातली शून्य पास झाली. तर निकाल किती?" मी म्हटलं, तो काढता येत नाही. "शंभर नाही का म्हणता येत? कुणी नापास तर झालं नाही." नाही, म्हटलं. "बरं, शून्य?" शून्यही नाही आतोबा, त्याला काही उत्तरच नसतं. आत्याबाईंना राहवेना. त्या म्हणाल्या, "एवढा जीव कशाला जाळताय? पोरीचं नाव इथे पटावर राहू द्या, आणि शिकू दे तिला तिकडे बेटम्याला. सगळीकडे करतातच लोक. शाळाही राहील, पोरगीही झोपेल नीट." खरं सांगते, मलाही ते एकदम पटलं. मी आतोबांकडे आशेने बघितलं. आतोबा म्हणाले, "नाव इथे आणि पोरगी तिथे. मग सकाळी हजेरी घेताना मी बघू कुणाकडे?" आणि मग हळूच, "बसमध्ये उभ्या उभ्या झोपते गं ती. काल पडली. गुडघा फुटला." आत्याबाईंनी गार झालेला चहा उचलून नेला आणि दुसरा करून आणला.

दुसऱ्या दिवशी आतोबांनी रेणूचा दाखला स्वतःच्या हाताने लिहिला आणि तिच्या बापाला फोन करून बोलावून घेतलं. मॅडम सांगत होत्या, की पोरगी रडायला लागली, "सर, मैं आ जाऊँगी, सच्ची", तर हे तिच्यावर चक्क ओरडले. जन्मात कुणावर रागाने ओरडलेले नव्हते. आणि ती गेल्यावर रिकाम्या वर्गात जाऊन तास संपेपर्यंत बसले. दसऱ्यानंतर कमिटीने शाळा बंद केली. कुणाचाच काही इलाज नव्हता. डॉक्टरांनी आतोबांचा हात हातात घेतला म्हणे. नववीच्या तीन मुलांना जवळच्या एका मोठ्या शाळेत घेतलं. आतोबा स्वतः रिक्षा करून त्यांना सोडायला गेले आणि तिथल्या प्रिन्सिपॉलबाईंना म्हणाले, "मॅडम, माझ्याकडे हे तेहतीस-तेहतीस टक्के होते. तुमच्याकडे पॉइंटच्या पुढे जातील. पण नावं तेवढी लक्षात ठेवा." त्या बाईंना ह्यातलं काय समजलं असेल ते समजलं असेल. त्यांनी आतोबांना पाणी विचारलं.

जो माणूस राजवाड्याच्या पलीकडे जायचं म्हटलं की पाय दुखतात म्हणायचा, तो त्यानंतर दर रविवारी बसने बेटम्याला जायला लागला. रेणूला गणित शिकवायला. उन्हाळा लागला, परीक्षा झाली, आणि एक दिवस दुपारी निकाल लागला. मी मुद्दामच त्यांच्याकडे गेले होते. फोन वाजला. आतोबा उभे राहून बोलत होते. "अच्छा. अच्छा बेटा. बहुत अच्छा. नहीं, नहीं, मैं रो नहीं रहा, पंखा चालू आहे." फोन ठेवला, खाली बसले आणि म्हणाले, "पास झाली." आत्याबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि वळून विचारलं, "किती टक्के पडले?" आतोबांनी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी आयुष्यात इतका गोंधळलेला चेहरा पाहिला नाही. "विचारलंच नाही मी," ते म्हणाले. मी म्हटलं, मग लावा की परत. त्यांनी फोन उचलला, तसाच मांडीवर धरून बसले, आणि परत ठेवून दिला. "राहू दे. पास झाली ना पोरगी."

मग म्हणाले, "मला वाटलं होतं फार आनंद होईल. झालाय गं. पण तो कुठे ठेवू ते समजत नाही. निकाल लागला की फाटकाबाहेरच्या फळ्यावर लिहायचो मी. रस्त्याने जाणारे थांबून वाचायचे. कधी शंभर असायचे, कधी पन्नास, पण कुणीतरी वाचायचं. आता कुणाला सांगू?" त्यांचा आवाज फाटला. मी उठले, कोपऱ्यावरच्या दुकानातून पेढे आणले आणि म्हटलं, चला. आम्ही दोघं गल्लीतून निघालो. सायकल दुरुस्तीवाला, इस्त्रीवाला, वर्माजी, ओट्यावर बसलेल्या दोन म्हाताऱ्या. आतोबा प्रत्येकापाशी थांबून एवढंच म्हणत होते, "अपनी रेणू पास हो गई." लोक पेढा घ्यायचे आणि विचारायचे, कौन रेणू? आतोबा म्हणायचे, "अपनी. बेटमावाली." एवढ्यावर लोकांचं समाधान होत होतं. फिरत फिरत आम्ही शाळेच्या गल्लीच्या तोंडाशी आलो. तिथून पुढे ते गेले नाहीत. उरलेला एक पेढा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. रेणूला किती टक्के मिळाले ते मला अजून माहीत नाही.